रामाच्या पाळण्याची दोरी

शनिवार, २२ मार्च १९८६. वुस्टर.

झालं एकदाचं. प्रसादने आज श्रूजबरीला घरी नेलं. दोन वर्षं नुसतं "नेतो, नेतो" चाललं होतं. साडी तीनदा बदलली.

त्याची आई, लिमयेकाकू: साडीवर स्वेटर, पायात मोजे. बाई प्रेमळ आहे हो. वरण-भात, बटाट्याची भाजी, आग्रह करकरून वाढलं. आणि मग: "आडनाव काय म्हणालीस?"

"रामटेके."

"अगंबाई! रामटेकच्या? देवळाजवळचे का तुम्ही?"

मी तोंड उघडेपर्यंत काकांनी गडावरच्या रामाचं वर्णन सुरू केलं, काकूंनी देवस्थानाशी आमचं नातं जोडलं, आणि आमटी येईपर्यंत आम्ही जुनं देशस्थ घराणं झालो. मी घास तोंडात धरून बसले. प्र.कडे पाहिलं. तो लोणचं वाढून घेत होता.

आम्ही बौद्ध. बाबा नागपूरला रेल्वेत. रामटेकला मी जन्मात एकदा गेलेय, शाळेच्या सहलीला, आणि माकडाने माझा डबा पळवला होता.

गाडीत भांडले. "तू काऊन नाही बोललास?" "रिलॅक्स यार. त्यांनी अझ्यूम केलं, आपण थोडंच सांगितलं? योग्य वेळ बघून सांगतो मी."

मंगळ. २५ मार्च

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या अमेरिकन पोरांना एक जुनी इंग्रजी कादंबरी शिकवतेय. मोठ्या इस्टेटीचा मुलगा, बेताच्या घरातली मुलगी, आणि चहा ओतता ओतता "तुमच्याकडचे कोण?" विचारणारी मुलाची आई. मागच्या बाकावरून एक जण: "व्हाय डझंट शी जस्ट टेल हर?" सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच काहीतरी पुसत बसले.

त्या आईला निदान जमीन किती, उत्पन्न किती, एवढं तरी विचारायला लागतं. आमच्याकडे आडनावात निकाल.

रवि. ६ एप्रिल

काकूंचा फोन. १९ला, शनिवारी, त्यांच्याकडे रामनवमी. खरी शुक्रवारची, पण सुट्टी कोणाला? तीसेक माणसं. "रामाच्या गावची मुलगी आलीय, यंदा पाळण्याची दोरी तूच धरायची हं!" नाही म्हणवेना. वरून, "आणि नागपूरचे पाठक नवीन आलेत इथे. धंतोलीचे. तुमची ओळख निघेलच बघ."

लिमयांसारख्या पुण्याच्या माणसाला रामटेके म्हणजे काय ते कळत नाही. नागपूरचा माणूस आडनाव ऐकून वस्तीसकट सांगतो.

प्र.ला लगेच फोन केला. या आठवड्यात सांगतो म्हणाला. नक्की.

सोम. १४ एप्रिल

जयंती. खोलीत फोटोपुढे मेणबत्ती लावली, एकटीनेच वंदना म्हटली. नागपूरला आज आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसेल. आईने खीर केली असेल. रडू आलं.

रामाला देव मानायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालंय. बाबा आम्हा भावंडांना रांगेत उभं करून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचे. आणि मी शनिवारी त्याच रामाला झोका देणार. बाबांना कळलं तर ओरडणार नाहीत. गप्प बसतील. त्याचीच धास्ती.

प्र.: "इट्स जस्ट अ स्ट्रिंग, सुनंदा." अजून त्याला वेळ सापडलेली नाही. आई तयारीत बिझी आहे म्हणे.

शनि. १९ एप्रिल

जमेल तेवढं लिहिते.

बेसमेंट भरलेलं. पाळणा म्हणजे कोणा मुलीच्या बाहुलीचा, झेंडूऐवजी कागदी फुलं. पोरं वर टीव्हीपुढे. काकू माझा हात धरून पाठककाकूंकडे घेऊन गेल्या. "या आमच्या रामटेके!" आमच्या!

पाठककाकूंनी पाहिलं माझ्याकडे. कळलं त्यांना. अगदी दिसलं मला कळलेलं.

"नागपुरात कुठे ग तुम्ही?"

"इंदोऱ्याला." बौद्धांची वस्ती, नागपुरात सगळ्यांना ठाऊक.

"हं," म्हणाल्या. बस्स.

मग दोरी. धरली. हात हलेना. सगळ्या बायका पाळणा म्हणताहेत, काकू हसून म्हणतात, "ओढ ग, लाजतेस काय!" प्र. कॅमेरा घेऊन समोर, "स्माइल!" म्हणतोय. ओढली. एकदा नाही, गाणं संपेपर्यंत ओढत राहिले.

नंतर किचनमध्ये मी ताटल्या पुसत होते. पाठककाकू शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "घाबरू नको हो. मी कोणाला बोलणार नाही. तुझं चांगलं होतंय, मी कशाला मध्ये येऊ?"

खरंच प्रेमाने म्हणाल्या. पण आता लग्नात, बारशात, दर हळदीकुंकवाला ही बाई समोर, आणि मी तिच्या मेहेरबानीवर. जन्मभर?

गाडीत प्र.ला सांगितलं. चेहरा खुलला त्याचा! "ग्रेट! सी? मग कोणाला सांगायची गरजच नाही."

गरजच नाही. म्हणजे योग्य वेळ कधी येणारच नव्हती.

सोम. २१ एप्रिल

काकूंचा नंबर दोनदा फिरवला, वाजायच्या आत ठेवला. सांगितलं तर प्र. जाईल. नाही सांगितलं तर उद्या माझ्या पोरांना आजोबांचं घर कुठलं म्हणून सांगू? बाबा इथे आले तर त्यांनाही रामटेकचे करायचं? ना बाप्पा.

बुध. २३ एप्रिल

केला फोन. काकूंनीच उचलला. "बोल ग! सुंठवडा आवडला का?"

एका दमात म्हणाले. काकू, आम्ही बौद्ध. त्या देवळाशी आमचा काही संबंध नाही. तुम्ही म्हणालात तेव्हा मी घाबरून गप्प बसले.

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद केल्याचा आवाज आला.

"प्रसादला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

मग अगदी सावकाश: "तू दोरी ओढत होतीस, तेव्हा तो समोर उभा राहून तुझे फोटो काढत होता."

"हो," म्हणाले मी.

"शनिवारी ये. काका नसतील. त्याला सांगू नकोस." आणि ठेवला.

रागावल्या होत्या का? असतील. कोणावर, ते आवाजावरून कळेना. हाकलायलाच बोलावलं असेल, तर फोनवर नसतं झालं?

आत्ता प्र.चा फोन. शनिवारी पिक्चर टाकू म्हणाला. लायब्ररीत काम आहे म्हटलं. त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि किती सहज जमलं.

शनिवारची श्रूजबरीची बस बघायला हवी. त्याच्या गाडीतून नाही जायचं.