मेव्हण्याच्या गाडीला दोन बोटं ढील

चि. मेहुणेबुवांस दाजीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तू लहान, पण गाडीचा मालक तू, म्हणून आशीर्वादातच एक नमस्कार मिसळला आहे. तेवढा वेगळा काढून घ्यावा.) जहाजावर तब्येत कशी आहे? जेवण अंगी लागतंय का, समुद्र लागतो का, हे तुझ्या ताईने विचारायला सांगितलंय. मी एवढंच विचारतो की कमरेचं माप वाढलं असेल तर आधी कळव, म्हणजे आल्याबरोबर पँट उसवून देता येईल. इकडे सगळे मजेत. खरं म्हणजे फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस, आणि या विषयात तू मधे बोललास तर मला पुढे काही सांगताच येणार नाही. पत्रात कसं, समोरच्याला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं.

विषय तुझ्या मोटारसायकलचा आहे. घाबरू नकोस, ती आहे. दोन्ही चाकांसकट आहे.

जाताना तू तिला तो मोकळ्या आवाजाचा नवा सायलेन्सर बसवलास, एक चक्कर मारलीस आणि निघून गेलास. त्या दिवसापासून ती खोकायला लागली. एरवी मी तिला खुशाल खोकू दिलं असतं (आमच्या गल्लीत कोण खोकत नाही?), पण मधल्या काळात आपल्या लेकीला मुलगी झाली. लेकीचं घर टेकडीवर आणि तुझ्या ताईला बस लागते. बसच काय, मोटार लागते, टॅक्सी लागते, चार भिंतींची म्हणून जी गाडी असेल ती लागते. पहिल्या वळणालाच तिचा चेहरा अस्तराच्या कापडासारखा होतो. तोंडावर वारा असला की मात्र ठणठणीत. म्हणजे उरली मोटारसायकल. बिचारी रोज फोनच्या पडद्यावर नातीला बघायची आणि फोन ठेवला की शिलाई मशीनवर बसून पदराने डोळे पुसायची. मला ते बघवेना रे. आणि तुझी गाडी तर नुसता चढ दिसला की मान टाकायची. आता तूच सांग, मी काय हातावर हात ठेवून बसायचं होतं?

सीटखाली तू ते मुठीत मावणारं यंत्र ठेवलं होतंस, ट्यूनर. डब्यावर तुझ्याच अक्षरात 'हात लावू नये' असं लिहिलेलं. ते मी वाचलं. (वाचलं नाही असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही.) माझी आपली समजूत अशी झाली की ते लहान मुलांसाठी असावं. मग समोरच्या गॅरेजवाल्याला गाठलं. तो म्हणाला, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. सायलेन्सर बदलला की त्याचा अंदाज चुकतो, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. हे यंत्र जोडून त्याला नवा अंदाज द्यायचा: हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन जागा, आणि प्रत्येक जागी अधिक किंवा उणे. मी म्हटलं, अहो मग यात एवढं काय आहे! छाती, कंबर, सीट. मापं तीन, आणि ढील किती सोडायची एवढाच प्रश्न. शिंप्याने दुकान उघडल्यापासून दुसरं काय केलंय?

माझा नियम तुला ठाऊक आहे. अंगापेक्षा दोन बोटं सैल. माणूस बसतो, वाकतो, जेवतो, त्याला जागा नको? घट्ट झालं की बोंब, सैल झालं तर कोणी ब्र काढत नाही. माझ्या हातचा कपडा आजवर दुरुस्तीला परत आलेला नाही. तेव्हा तिन्ही जागी सढळ हाताने अधिक दाबलं. गाडी सुरू केली, तर खोकला गायब! पेट्रोलचा जरा वास येत होता, पण तो मला श्रीमंतीचा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र उघडून बघतो, तर आकडे खाली आलेले. गाडी बरी चालत होती, नाही असं नाही. पण आपण सोडलेली ढील कमी झालेली दिसल्यावर कुठला शिंपी गप्प बसेल? म्हटलं, नवं कापड पाण्यात आटतं, तसं हेही आटत असेल. पुन्हा वाढवलं. पुन्हा आटलं. असं रोज चाललं. गॅरेजवाल्याला विचारलं की पेट्रोलचे आकडे आटतात का हो, तर त्याने माझ्याकडे नीट बघितलं, पाना खाली ठेवला आणि आत निघून गेला. शेवटी मी ठरवलं, आटायचंच असेल तर आटणं धरूनच बेतावं. टेकडीवर जायच्या दिवशी सकाळी तिन्ही ठिकाणी दुप्पट करून टाकलं.

निघालो. तुझी ताई मागे, मांडीवर बाळाच्या कपड्यांची पिशवी, चेहरा असा खुललेला की काय सांगू. पायथ्यापर्यंत गाडी गेली. चढ लागला आणि मागून असा काळा धूर निघाला की पाठीमागचा सायकलवाला आमच्या सात पिढ्यांना आठवत थांबला. गाडी गुरगुरली, गचके दिले आणि भर वळणावर बंद पडली. मी बटण दाबतोय, घाम पुसतोय, यंत्राला शिव्या देतोय. आज नेमकं कसं आटलं नाही, असं मोठ्याने म्हणालो. तेव्हा तुझी ताई शांतपणे म्हणाली, "आटत नाही हो. मी आत घेत होते."

रोज दुपारी माझा डोळा लागला की ती यंत्र जोडून माझी अर्धी ढील काढून टाकायची. का, तर सवय! तुमच्या पँटी, तुमचे कोट, लग्न झाल्यापासून मीच आत घेत आलेय, म्हणाली, नाहीतर गिऱ्हाईक तंबूत उभं राहिल्यासारखं दिसतं. आज झबल्यांना बटणं लावताना तेवढं राहून गेलं. मी मटकन दगडावर बसलो. खरं सांगतो, वाईट वाटलं. मग राग आला. मग त्या तंबूतल्या गिऱ्हाइकाचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना, तीही हसायला लागली, आणि सायकलवाला आम्हाला वेडे समजून निघून गेला.

पुढचं तिनेच केलं. माझ्याकडून स्पार्क प्लग काढून घेतला, नव्या कोऱ्या दुपट्याने त्यावरची काजळी पुसली (ते दुपटं आता मशीन पुसायला ठेवलंय), गाडी सुरू करायला लावली आणि मशीनचा टाका ऐकते तशी मान तिरपी करून एकेक उणे दाबत गेली. आवाज एकसारखा झाला आणि आम्ही वर पोहोचलो. लेकीने दार उघडलं. तुझ्या ताईने हेल्मेट काढायचीही वाट बघितली नाही, तशीच नातीला उचलून छातीशी धरलं. पोरीने हेल्मेटच्या काचेला तळहात लावला. काचेच्या आत ही रडतेय, बाहेर लेक रडतेय. मीही रडलो. धुराने नाही, आनंदाने.

बाकी क्षेम. समुद्रात जपून राहा.

तुझा,
दाजी

ता. क. त्या यंत्राने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गाडीचं मूळ माप जपून ठेवू का? मी 'नाही' दाबलं. गिऱ्हाइकाचं जुनं माप धरून मी कधीच बेतत नाही, माणसं वाढतात. तेव्हा कारखान्यातलं मूळ सेटिंग आता कुठेही नाही. हे तुला सहज कळवलं.

आणखी एक. नात या गाडीच्या आवाजाशिवाय झोपत नाही. आम्ही गेलो की जावईबापू ती अंगणाच्या टोकाला सुरू करून ठेवतात, तेव्हा कुठे पोरीचा डोळा लागतो. तू आता मामाआजोबा झालास. लेकराची झोप मोडण्याइतका तू निर्दय नाहीस हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तरी गाडी आणखी वर्षभर इथेच राहू द्यावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

छोट्या, पाकीट चिकटवायच्या आधी मी सगळं वाचलं. पोर कुठेही झोपते, यांच्या मांडीवर तर लगेच. त्या वळणापासून वर गाडी मी नेली. हे मागे बसून, यंत्र पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून होते. आता नातीची आठवण आली की मी एकटीच जाऊन येते. हे बरोबर असले की वाटभर सावकाश, सावकाश करतात आणि उतरल्याउतरल्या पुन्हा अधिक दाबतात. म्हणून गाडी मागू नकोस. न्यायचंच असेल तर यांना जहाजावर घेऊन जा. पण आठच दिवस हं. दुकानात एकटीला करमत नाही.
— ताई