कानशिलावरचा हात

१२ जानेवारी
काल मोनालीचा हात कानशिलावर पडला आणि सगळं बदललं. आरमोरीजवळच्या एका गावात प्रयोग. तिसऱ्या अंकाचा शेवट. मी तिच्या मांडीवर मरून राह्यलो होतो— नाटकात. तिने केसांवरून हात फिरवला, बोट कानापुढे टेकलं, आणि उजव्या कानशिलात विजेची तार शिरली! ओरडलोच. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या. आमच्या कंपनीचे मालक नानाजीभाऊ पाठ थोपटत म्हणाले, "आदेश, काय रडला बे तू! रोज असाच मर."

बी.एस्सी. अर्धवट सोडून या नाटक कंपनीत आलो तो मोनालीसाठी. हे फक्त इथे लिहितोय. ती हिरोईन. स्टेजबाहेर मला कधी हात लावत नाही.

१५ जानेवारी
दुखतंय. चावताना, नाटकातला केसांचा टोप घालताना, उजव्या कुशीवर वळताना.

१९ जानेवारी
दाताच्या डॉक्टरने दाढ काढली. गाल सुजला, दुखणं जिथल्या तिथं! परत जाऊन भांडलो, त्याची खुर्ची लाथाडली. म्हणे, "मग मायग्रेन असेल." अरे, मग दाढ काऊन काढली बे?

२३ जानेवारी
गावी गेलो. मायने कानशिलावर बिब्बा लावला. फोड आला. "कॉलेज सोडलं तवाच डोकं फिरलं होतं तुह्यं," म्हणाली आणि स्वतःच रडत बसली. मी ताट ढकलून निघालो. बसमध्ये वाईट वाटलं.

२८ जानेवारी
थकलो. त्या हाताची दिवसभर वाट पाहायची आणि त्याच हाताला भ्यायचं. पण तिचं बोट दरवेळी बरोब्बर तिथंच येतं, कल्ल्याच्या जरा मागे! इतकं कोणी कोणाला उगाच ओळखतं का? काल पडदा पडल्यावर हळूच म्हणाली, "लय दुखलं का रे?" तेवढ्यावर आजचा दिवस काढला.

३ फेब्रुवारी
मुलचेऱ्याचा प्रयोग. बायका पदराला डोळे पुसत होत्या. मी मागे जाऊन ओकलो.

७ फेब्रुवारी
चंद्रपूर. सरकारी दवाखान्यात काढलेला डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला होता, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी फक्त दुखण्यांवरच इलाज करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बिब्ब्याचा डाग पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. सगळं ऐकलं. मग कानापुढे बोटाने टकटक केलं. मी खुर्चीतून उडालो. शिवी ओठावर आली होती! बाई शांत. "सापडली," म्हणाल्या.

कानापुढून कानशिलाकडे चढणारी एक नस असते. ऑरिक्युलोटेम्पोरल. ती चिडली आहे. असं क्वचितच सापडतं, म्हणून लोक दाढा काढत बसतात. माझ्या टोपाचं घट्ट इलास्टिक नेमकं तिच्यावरून जातं. "बधिर करून बघू. दुखणं थांबलं तर हीच नस." सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सुई घातली. थोड्या वेळात— गायब! मीच बोटाने दाबून पाहिलं. परत दाबलं. काही नाही!

पुढेही आराम राहावा म्हणून त्याच जागी औषध दिलंय. रोज रात्री गोळी. टोप सैल करायचा. निघताना बाई म्हणाल्या, "रागावर मात्र माझ्याकडे गोळी नाही हं."

बसस्टँडवर आलुबोंडे खाल्ले. उजव्या बाजूने चावून चावून.

९ फेब्रुवारी
ठरलं. मोनालीला सांगणार. सगळं.

११ फेब्रुवारी
काल तिचा हात आला आणि पहिल्यांदाच नुसता हात आला. गार. पावडरीचा वास. मरता मरता हसलो असेन मी. अजून थोडा वेळ ठेव, असं वाटत होतं. ती मात्र दाबत होती. जोरात.

मंडप थंड. एक शिट्टी नाही. नानाजीभाऊ ओरडले, "मेला होता का झोपला होता बे?" एरवी अंगावर गेलो असतो. काल काहीच लागलं नाही.

१२ फेब्रुवारी
सकाळी मोनाली खोलीवर चहा घेऊन आली. स्वतःहून! मी सांगणारच होतो, तीच आधी बोलली.

"नानाजीभाऊनं सांगितलं तुह्या गोळ्यायचं. सीझन संपेपर्यंत नको खाऊ ना रे. टोप बी घट्टच ठेव. परवा अंक पडला आपला."

"कुठं दुखते ते तुले माहीत होतं?"

"पह्यल्याच दिवशी समजलं, कुठी दाबलं की तू रडते. तवापासून तिथीच तर दाबतो मी! मले वाटलं, तुले बी माहीत हाये. शिट्ट्या दोघायलेच भेटत होत्या ना."

हसत होती. डोळ्यांत काही वाईट नव्हतं.

शिवी दिली नाही. गोळ्या खिशात टाकल्या, कपड्यांची पिशवी घेतली. ती चहा ओततच होती. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.