सिनेमा सुटायच्या आधी

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत उठले! सिनेमा संपायला जेमतेम सात मिनिटं, खुनी कोण ते आता कळणार — आणि बाबा उठले, चपला घातल्या, दाराची कडी काढली आणि दार सताड उघडून जिन्यात जाऊन उभे राहिले. मी एकटी टीव्हीसमोर, बावळटासारखी. खुनी काका निघाला. सांगू कुणाला?

तासभर शोधून काढला होता. टीव्हीवरचं अ‍ॅप म्हणे, 'तुमच्या आवडीशी ९७ टक्के जुळतो'. डोंबल!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आई जाऊन अडीच महिने झाले. इथे आणलं तेव्हाच बाबांनी बजावलं होतं, "फेब्रुवारीअखेरपर्यंत राहतो, पुढे नाही." बॅग अजून दाराशीच आहे. कपडे तिच्यातून काढतात, धुऊन वाळले की घडी करून तिच्यातच ठेवतात. अठ्ठावीसला आपल्या खोलीवर जाणार, एकटे. गॅसवर दूध ठेवून फिरायला जाणारा माणूस! दादा फोनवर म्हणतो, "त्यांचं मन रमव काहीतरी करून." तो फोन ठेवून मोकळा.

बाबा चाळीस वर्षं टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना बॅटरी मारून खुर्ची दाखवायची. त्यांचं मन सिनेमात नाही रमणार तर कशात? एक धड सिनेमा सापडला, त्याला ते शेवटपर्यंत बसले, तर राहतील. असं मला उगाचच वाटतं. पण वाटतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दीड तास नुसती पोस्टरं सरकवली. अंगठा दुखतोय. ज्याच्या त्याच्या पोस्टरवर तेच — अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. बाबा खुर्चीत ताटकळलेले. "अगं, लाव की कुठलाही!" लावला. कुठलाहीच निघाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात पंडितला विचारलं. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतो तो, पन्नाशीचा, याने पाहिलं नाही असं काही नाही. नंबरच्या चिठ्ठीमागे नऊ नावं लिहून दिली. वर ज्ञान — "ताई, ट्रेलर बघायचाच नाही. पहिली दहा मिनिटं बघायची. आणि टक्क्यांवर कसला विश्वास ठेवता? दुकानदार आपला माल वाईट म्हणेल का?" हे ऐकून आमच्या मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

संध्याकाळी पहिलं नाव लावलं. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. काय सुंदर! बाबा हसले, गुडघ्यावर थाप मारली, एकदा तर "वा!" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटाला आठ मिनिटं. चपला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मालिका लावून पाहिली. तीन भागांत तीनदा उठले. आणि ते यंत्र मेलं पाच-चार-तीन करत पुढचा भाग सुरूच करतं! ते पळतं, हे उठतात, मी मध्ये रिमोट धरून.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहितानाही लाज वाटतेय. चौथं नाव होतं. बाबांचा हात कडीवर गेला आणि माझं डोकं सटकलं. "एवढा जीव नकोसा झालाय माझ्याकडे, तर अठ्ठावीसची वाट कशाला बघता? आजच जा ना!"

ते वळले. चेहरा असा की मीच चपापले.

"नकोसा? कुणाला?"

"मग दरवेळी उठून जाता कशाला?"

त्यांनी कडीवरच्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "अगं, शो सुटायच्या आधी दारं उघडायला नकोत? लोक अंधारात एकमेकांवर पडतील." मग स्वतःलाच हसू आलं त्यांना. "खरंच की. इथे कोण पडणार!"

चाळीस वर्षांत एका सिनेमाचा शेवट पाहिला नाही त्यांनी. मी विचारलं, रुखरुख नाही लागली कधी? म्हणाले, "शेवट तुझी आई सांगायची."

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की आई मागच्या रांगेत कडेला बसायची. घरी चालत येताना शेवट सांगायची — हातवारे करून, मध्येच रस्त्यात थांबून. मला हे ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

म्हणजे सिनेमे चुकत नव्हतेच!

१९ फेब्रुवारी, बुधवार

आता नवी पद्धत. ते दार उघडतात, मी शेवट बघते, मग जिन्यात जाऊन सांगते. आज सांगितला. ऐकून म्हणाले, "तू बातम्या देतेस. तुझी आई सांगायची." बॅग तिथेच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

पंडितच्या यादीतलं शेवटचं नाव, जुना काळा-पांढरा. पहिलं दृश्य दिसताच बाबा ताठ बसले. "हा आमच्याकडे अठरा आठवडे चालला! शेवटी ती धावत स्टेशनवर येते आणि दोघं गाडीत बसून जातात. आई काय रंगवून सांगायची!" वेळेवर उठले, दार उघडलं.

मी बघत राहिले. ती धावत स्टेशनवर आली. तो बाकावर होता. मेलेला. गाडी आली, थांबली, निघून गेली. संपला सिनेमा.

मी हातात रिमोट घेऊन गारठले. आईने चाळीस वर्षं... असे किती?

जिन्यातून आवाज आला, "बसले ना गं गाडीत?"

"बसले," मी म्हणाले. आणि मग कुठून सुचलं कोण जाणे — तिला चढताना हात दिला त्याने, चप्पल खाली फलाटावर पडली, दोघं हसत सुटले, गाडी हलली. हातवारेसुद्धा केले मी! बाबा माझ्याकडे बघत राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. दादाने रिक्षा सांगितली आहे. आज काहीच लावलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दाढी करताना आरशातूनच म्हणाले, "अठरा आठवडे, रोजचे तीन खेळ. दार मी उघडायचो. डोळे न पुसता एक माणूस बाहेर पडला नाही." मग ब्रश धुतला. "पण तुझी आई गाडीत बसवायची ना, म्हणून मी रोज विचारायचो."

रिक्षा त्यांनीच परत पाठवली. कपडे माझ्या कपाटात, खालच्या खणात. संध्याकाळी मी दुकानातून आले तर खुर्ची टीव्हीसमोर ओढलेली. "आज काय लावतेस?"