भोंग्याले मोजता येत नाई

१४ मार्च

मोहाची फुलं पडाले लागली. फटफटलं की निघतो, त्याच्या आधी नाई. हा नियम मोठेबाबांचा, बाबाच्या मोठ्या भावाचा. मोठीमाय, माय अन काकू टोपल्या घेऊन, मी काठी घेऊन. चुली तीन, आंगण एक, अन जंगलातली चार झाडं आपली. कागदावर नाई, पण आजोबाच्या वेळपासून त्या झाडांखाली दुसरं कोणी वेचत नाई.

वाकून वेचणारा माणूस वाघाले माणूस वाटत नाई म्हणतात. म्हणून एकानं उभं राहाचं अन ओरडाचं. ते काम माहं. कॉलेज सोडल्यापासून हा दुसरा मोसम. थोड्या थोड्या वेळानं नावं घेतो, वयानं मोठी ती आधी. मोठीमाय. "ओ." माय. "हो रे." काकू. "जित्ती आहो." जिची ओ आली नाई तिच्याकडं पळतो.

मोठेबाबा म्हणे, कॉलेजातल्या सराले जो गळा चालला नाई तो इथी कामी आला. मी तोंड फिरवलं. हसू येत होतं.

१५ मार्च

संध्याकाळी बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर. गावात रेंज तिथीच. प्र.चा फोन.

(प्रणाली असं पूर्ण लिहिलं की अक्षर बिघडते. म्हणून प्र.)

पुण्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून तीनच महिने झाले, तर 'मले' सोडून 'मला' म्हणाले लागली. चिडवलं. म्हणे, वॉर्डात 'मले' म्हटलं की एक पेशंट हसतो. मी त्याचं नाव विचारलं, पलंग नंबर विचारला. म्हणे, त्याचं अपेंडिक्स काढलंय, तू राहू दे.

मग खरी गोष्ट सांगतली. तिच्या रूमवालीचा भाऊ चाकणले एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. जागा आहे. ५ एप्रिलले हजर व्हाचं. "येतोस?" एवढंच म्हटलं तिनं. आजूबाजूले कोणी नव्हतं तरी मी फोन हातानं झाकला.

हो म्हटलं. लगेच. विचार न करता.

१७ मार्च

आज जेवताना झालं. आज सगळे मोठीमायकडं जेवाले होतो. मोठेबाबा म्हणे, बाहेरून परीक्षेचा फॉर्म भर, दोन वर्षं वाया जाऊ देऊ नको. साधंच बोलले. मले साधं ऐकू येत नाई.

ताटावरून उठलो. म्हटलं, मी पुण्याले चाल्लो, पाच तारखेपासून काम आहे, कोणी अडवाचं नाई.

काकू म्हणे, "भात घेशीन का अजून?" अन मोठेबाबा म्हणे, "रिझर्वेशन आजच कर. सुट्ट्या लागून राह्यल्या."

संपलं. चार उत्तरं तयार ठेवली होती. चारही तोंडातच राह्यली. उठलो होतो म्हणून पुन्हा बसता बी येईना. उभ्यानंच भात खाल्ला.

तिकीट काढलं. ३ एप्रिल. सिंदेवाही ते बल्लारशा, तिथून पुणे.

१९ मार्च

घरात माह्या जाण्याची तयारी चालू आहे अन मले सोडून सगळे खुश दिसते. मोठीमायनं लाखोळीची डाळ भरडली. काकूनं जवसाची चटणी कुटून डब्यात भरली, वरून म्हणे अर्धी तिची, एकट्यानं खाऊ नको. "तिची" म्हणे. म्हणजे काकूले माहीत आहे. म्हणजे आंगणात सगळ्याइले माहीत आहे. प्र.च्या घरचे अन आमचे जयंतीले एकाच विहारात बसते, कधी कळलं कोण जाणे.

बाबा राईस मिलमधून आले तर हातात साखळी अन कुलूप. "बॅग सीटखाली बांधाची." बाबाचं आठवड्याचं बोलणं एवढंच.

मले राग येऊन राह्यला. कोणाचा ते समजत नाई. कॉलेजातून निघालो तवा बी असंच झालं. प्रॅक्टिकलची वही सराच्या टेबलावर आपटली, गेटपर्यंत हळूहळू चाललो. वाटलं कोणीतरी मागून आवाज देईन. गेटवर चहा पण घेतला. कोणी आलं नाई.

२१ मार्च

मी गेल्यावर मोहाले यांच्यासंग कोण जाईन, हे आज विचारलं. बाबा सकाळी मिलवर. काका चंद्रपूरले नोकरीवर. मोठेबाबांचा गुडघा वाकत नाई, पळतील कसे. मागच्या साली पलीकडल्या गावची एक बाई वाघानं नेली. तिच्यासंग उभं राहणारं कोणी नव्हतं.

मोठेबाबा म्हणे, त्याचा तोडगा मी काढून ठेवला. कपाटावरून भोंगा काढला. लाखोळीच्या शेतात रानडुकरं हाकलाले आणला होता तो. बॅटरीवर चालते, आपला आवाज भरता येते, तोच तोच वाजत राहते.

"तुहा आवाज भरून ठेव अन जा बिनघोर."

२३ मार्च

आवाज भरला. आंगणात, सगळ्याइसमोर. पहिल्यांदा नुसतं ओरडलो तर मोठीमाय म्हणे, रोज असा ओरडत नाई तू, नावं घे. मग नावं घेतली. मोठीमाय. ओ म्हणाले जागा सोडली. माय. जागा सोडली. काकू. जागा सोडली. मग काठी आपटली अन हाट हाट.

वाजवून पाह्यलं. शेजारचं कुत्रं उठून माह्याकडं आलं, मग भोंग्याकडं गेलं, मग बसलं मधात.

माय उठून घरात गेली. कांदा कापाचा होता म्हणे. कांदा तर कापून झाला होता.

२४ मार्च

आज भोंगा घेऊन गेलो. मी बोलाचं नाई असं ठरलं. भोंगा तेंदूच्या झुडपावर टांगला, मी मागं दगडावर बसलो. हात रिकामे. माहा आवाज माह्याच कानाले भांडखोर वाटला. प्र. रोज हे कसं ऐकते.

मोठीमाय. "ओ." माय. "हो." काकू. "जित्ती आहो." आवाज मशीनचा, तरी तिघी ओ देत होत्या, सवयीनं. मजा वाटली. चार-पाच वेळा झालं.

मग मोठीमाय. "ओ." माय. "हो." काकू.

काही नाई.

अन भोंगा थांबला नाई. जागा सोडली होती तेवढी सोडली अन हाट हाट म्हणत पुढं गेला. पुन्हा मोठीमायचं नाव.

कसा पळालो मले माहीत नाई. काठी दगडाजवळच राह्यली. काकू नाल्यात उतरली होती, वाहून गेलेली फुलं वेचाले. तोंडात मोहाचं फूल होतं म्हणून ओ दिली नाई. मी जे बोललो ते लिहीत नाई. काकूले असं बोलाचं नसते.

ती ऐकत राह्यली. फूल थुंकलं. म्हणे, "तू तर पुण्याले गेला होता न?"

आंगणात आल्यावर मोठेबाबांनी विचारलं, कसा चालला भोंगा? मी म्हटलं, त्याले मोजता येत नाई.

२५ मार्च

प्र.ले सगळं सांगतलं. आधी काकूचं विचारलं तिनं, बरी आहे का. मग म्हणे, म्हणजे तू येत नाई.

असं कुठी म्हटलं मी? भांडलो. ती बी भांडली, 'मला' सोडून 'मले' वर आली. शेवटी म्हणे, "हे बघ, माह्यासाठी येऊ नको. मी ड्युटीवरून थकून येईन अन तू तोंड फुगवून बसशीन, की तुह्यासाठी सगळ्याइले सोडून आलो. मले नाई ऐकाचं ते."

फोन कोणी ठेवला लक्षात नाई. रेंज गेली असन.

२९ मार्च

गेल्या तीन दिवसांत मोठीमायनं नवीन पद्धत काढली. एकमेकीची नावं आपणच घ्याची. मोठीमाय मायचं नाव घेते, माय काकूचं, काकू मोठीमायचं. गोल. पलीकडच्या झाडांवाल्या दोघी बी त्यात घेतल्या, आता पाच जणी. ओ आली नाई तर सगळ्या टोपल्या टाकून त्या बाजूले जाते, ओरडत.

आज मले दूर उभं केलं. नुसतं पाहाले. मले वाटलं होतं चुकन. एकदा बी चुकलं नाई. काकू तर मोठीमायचं नाव अशा आवाजात घेते की वाघ काय, जंगलखात्याचा बीटगार्ड बी येणार नाई.

बरं वाटाले पाहिजे होतं.

३० मार्च

फुलं वाळत घालता घालता माय बोलली. मी विचारलं नव्हतं. ती अहेरीची. लग्न होऊन आली तवा सहा महिने इथली भाजी गोड लागत नव्हती म्हणे, मग एक दिवस लागली. कोणत्या दिवशी ते आठवत नाई.

मी म्हटलं, तुले तर पाठवलं होतं, तू स्वतःहून आली नव्हती.

म्हणे, "हो. म्हणून तुले कोणी पाठवाचं नाई अन कोणी अडवाचं नाई, हे मीच सगळ्याइले सांगतलं होतं. आमच्यासाठी थांबू नको, बाबू. तू थांबशीन अन जेव्हा जेव्हा भडकशीन तेव्हा तेव्हा आमाले ते ऐकवशीन. तुहा राग मले माहीत आहे, मीच जन्म दिला त्याले."

म्हणजे हे होतं तर. काकूचा भात, मोठेबाबांचं रिझर्वेशन. सगळे मिळून चूप बसले होते.

प्र. बी तेच म्हणते, माय बी तेच म्हणते. दोघींनी फोनवर ठरवल्यासारखं. आता कोणाचं नाव घेऊन थांबू अन कोणाचं नाव घेऊन जाऊ?

१ एप्रिल

काकूची माफी मागतली. म्हणे, कायची? मी म्हटलं, नाल्यातली. म्हणे, ते होय, त्या दिवशी मले लय बरं वाटलं होतं. अन टोपली उचलून गेली.

बॅग भरली. बाबानं साखळी लावून दाखवली. मग मी काढली, मग त्यांनी पुन्हा लावून दाखवली.

२ एप्रिल

उद्या दुपारची गाडी.

सकाळी संग गेलो. काठी नेली नाई. पाच जणींचा गोल चालू होता. मी मोठ्या झाडाखाली वेचाले बसलो, पहिल्यांदाच. फुलं ओली, गोड वास, बोटं चिकट. इतके दिवस उभा होतो, खाली काय पडते ते नीट पाह्यलंच नव्हतं. मोठीमायनं एक नाव वाढवलं. माहं. मी ओ दिली.

संध्याकाळी पाळीवर गेलो. प्र.ले म्हटलं, कोणासाठी थांबाचं म्हणून नाई, कोणी अडवलं म्हणून नाई. याइले जमते माह्याशिवाय, पाह्यलं मी. तरी मोह सरेपर्यंत राहावं वाटते. एवढा मोसम. मग येतो. गोडाऊनवाल्याले विचारून पाह्य.

तिले हे समजन असं वाटलं नव्हतं. ती म्हणे, "मोह झाला की तेंदूची पानं लागते. तेंदू झाला की धानाचा रोवणा. मी बी तिथलीच आहे, मले नको सांगू."

बरोबर आहे.

मागं वॉर्डातले आवाज. कोणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली, तिनं आली म्हणून ओ दिली. वाटलं ठेवते आता फोन.

मग म्हणे, "किती दिवस मोह पडन अजून?"

मी आठ म्हटलं. पटकन. खरं तर झाडावर किती फुलं राह्यली ते वर पाह्यलंच नव्हतं.