दादानं दार वाजवलं

भाऊबीज, २००३. नारायणगाव

ती टकटक डोक्यातून जात नाही. दादा यंदा ओवाळून घ्यायला आला नाही, म्हणून ताट घेऊन मीच राजुरीला गेले. आई गेल्यापासून माझा भोळा भाऊ तिथं एकटाच. तर हा बाहेर पायरीवर, आणि घरात गांजा विकणारी परकी पोरं ऐसपैस पसरलेली.

"चल माझ्याकडं," म्हटलं.

"पावणं हाईत ना गं. लई दिसांनी कुनी माझ्यासंगं जेवतंय."

पोलिसांत सांगू? घर दादाच्या नावावर, आधी त्यालाच धरतील. काय करू?

पायरीवरच ओवाळते म्हणाले. पाट आणायला उठला आणि स्वतःच्याच दारावर टकटक केली. आतून कुणी ओरडलं, "थांब रे!"

आणि दादा थांबला. टोपी नीट करून, आईच्या दारात.