शंभरपैकी चार

१ जानेवारी १९८४, रविवार
संकल्प. एक, दर शनिवारी एक पिक्चर. दोन, प्रत्येकावर परखड मत. कुणाची भीडभाड नाही. तीन, महिन्यातून एकदा तरी बायकोला, वैजयंतीला, बरोबर नेणे. दोन वर्षं ती माझ्याबरोबर थिएटरात आलेली नाही. तिला तिथल्या एसीचा त्रास होतो. डोकं दुखतं म्हणते. मागे गेलो होतो तेव्हा मी तिला प्रत्येक सीन समजावून सांगत होतो, तरीही डोकं थांबलं नाही. बिचारी.

पिक्चरांची नावं या डायरीत लिहिणार नाही. फुकट जाहिरात कशाला?

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी विलासराव यांना गाठलं. म्हटलं, आपल्या वाशीकरांना नवा पिक्चर पाहायचा तर पूल ओलांडून चेंबूर गाठायचं, नाहीतर ठाणं. अर्धा दिवस मोडतो. एवढं करून पिक्चर भिकार निघाला तर जबाबदार कोण? मी आधी बघून येतो आणि जिन्याखालच्या फळ्यावर मत लिहितो. विलासराव म्हणाले, बिनधास्त लिहा हो, टेन्शन नाय, फक्त पाण्याची वेळ पुसू नका. उजवा कोपरा मिळाला. पुरेसा आहे.

७ जानेवारी, शनिवार
नवा पिक्चर. चेंबूर. हिरो एका हाताने ट्रक थांबवतो. आई आंधळी. व्हिलनच्या घरात कारण नसताना कारंजं. इंटरव्हलपर्यंत एकतीस माणसं मेली, मी मोजली. इंटरव्हलला उठलो. जाणकाराला अर्ध्यात कळतं. शिवाय सव्वापाचची बस मिळते.

शेजारचा इसम दोनदा म्हणाला की भाईसाब, चूप बैठो. अशा प्रेक्षकांमुळेच असले पिक्चर निघतात.

८ जानेवारी, सकाळी ९
फळ्यावर लिहिलं: शंभरपैकी बारा. नापास. खाली कारणं, पाच ओळी. स्टार वगैरे देणं मला पसंत नाही. मार्क कुणालाही कळतात.

वरच्या पायरीवर उभा राहून पाहिलं. गर्दी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई तर चक्क मत कागदावर उतरवून घेत होत्या. एवढ्याने माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, पण आलं. नऊ वर्षं डिस्पॅचमध्ये पाकिटांवर पत्ते लिहितो आहे. तिथे माझं अक्षर कुणी उतरवून घेतलेलं नाही.

१५ जानेवारी, रविवार
काल संक्रांत, तरी गेलो. मॅटिनीला जुना पिक्चर. ब्लॅक अँड व्हाइट. विधवा, विहीर, वकील. फार संयमाने काढला आहे. हिरॉइन पूर्ण दोन तासांत एकदाच हसते, तेही पाठमोरी. मी तो शेवटपर्यंत पाहिला. ७८ मार्क, पहिला वर्ग.

१८ जानेवारी
पहिल्या वर्गाचा पिक्चर कुणी पाहिला का, म्हणून चौकशी केली. विलासराव म्हणाले, तब्येत बरी नव्हती. पहिल्या मजल्यावरचे सिताराम म्हणाले, तब्येत बरी नव्हती. मालतीबाई म्हणाल्या, पाहुणे होते, आणि पाहुण्यांची तब्येत बरी नव्हती. साथ आहे वाटतं. संध्याकाळी पाणी उकळून प्यालो.

१९ जानेवारी, रात्री जेवणानंतर
वैजयंतीला त्या बारा मार्कवाल्याची गोष्ट सांगत होतो. म्हटलं, शेवटी ती आंधळी आई मरते. ती भाकरी भाजता भाजता म्हणाली, नाही, मरत नाही, देवळात घंटा डोक्यावर पडते आणि डोळे येतात. मी विचारलं, तुला कसं ठाऊक? तिने भाकरी उलटली. म्हणाली, अंदाज.

बायकांना उपजत समज असते. हिला शिकवलं असतं तर चांगली समीक्षक झाली असती. अजूनही शिकवता येईल.

२२ जानेवारी
काल नवा पिक्चर. जुळे भाऊ, एक पोलीस, एक चोर, दोघांच्या पाठीवर एकच डाग. नऊ मार्क. नापास. फळ्यापुढे इतकी झुंबड की सिताराम पायरीवरून घसरले. माझ्या शब्दाला वजन येतं आहे.

२५ जानेवारी, बुधवार
तुर्भ्याला कंपनीची लाइट गेली, दीडला घरी. दाराला कुलूप. चावी मालतीबाईंकडे असते, तर त्यांच्याही दाराला कुलूप. तिन्ही मजले हिंडलो. सगळ्यांच्या दारांना कुलपं. जिन्यात बसून राहिलो. पावणेचारला सगळ्या बायका एकदम आल्या, वैजयंती सगळ्यांत पुढे. हसत होत्या आणि सगळ्यांचे डोळे लाल. मला पाहून शांत झाल्या. वैजयंती म्हणाली, भजनाला गेलो होतो.

भजनाने डोळे लाल झाले म्हणजे भक्ती खरी आहे. मालतीबाईंच्या पदरात खारे शेंगदाणे होते. प्रसाद असावा.

५ फेब्रुवारी, रविवार


सकाळी मोरीत दाढी करत होतो. करावे गावची बायजाबाई मासळी घेऊन दारात आली. मी घरात आहे हे तिला दिसलं नसावं. वैजयंतीला म्हणाली, बाय, या हप्त्याला नापास कंचा हाय? मागचा जुळ्यांचा लय भारी व्हता म्हनं. बुधवारी मना पन न्या, पाटी मी लवकर खाली करतंय. वैजयंती म्हणाली, हळू बोल गं, आत आहेत. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, कालचा अकरा मार्कांचा आहे, नक्की चांगला असणार. बायजाबाई म्हणाली, तुजा नवरा देवमानूस, येकदा पन चुकत नाय.

गाल कापला. तुरटी लावली.

दुपारी
शांतपणे विचार केला. बायजाबाई अडाणी आहे. तिने काहीतरी उलटं ऐकलं असेल.

संध्याकाळी
नाही. घंटा डोक्यावर पडून डोळे येतात, हे अंदाजाने कुणालाही सुचणार नाही. आणि भजनाला कुणी खारे शेंगदाणे नेत नाही. सगळी बिल्डिंग माझ्या मताकडे बघते ती उलटं जायला. नापास म्हणजे जायचं. पास म्हणजे घरात बसून तब्येत बिघडवायची. आणि ही बायको त्यात सगळ्यांत पुढे. माझ्याबरोबर येताना डोकं दुखतं, मालतीबाईंबरोबर दुखत नाही. मग एसीचा त्रास नव्हता. मग त्रास कशाचा होता, हे मला लिहायचं नाही.

७ फेब्रुवारी
तिला जाब विचारायचा. आजच. आमटी सुंदर झाली होती. उद्या.

९ फेब्रुवारी
उद्या.

१२ फेब्रुवारी, रविवार
आज पेपरात जाहिरात पाहिली आणि ताडकन उठून बसलो. येत्या शुक्रवारपासून एक आठवडा, मॅटिनी, चेंबूर. तो पिक्चर! दीपगृहाच्या राखणदाराचा.

नाव इथेही लिहिणार नाही, पण वेगळ्या कारणाने. एकोणीस वर्षांचा असताना रत्नागिरीला तंबूत सात वेळा पाहिला. अख्ख्या पिक्चरमध्ये तो राखणदार अकरा वाक्यं बोलतो. रोज दिवा लावतो. बायको किनाऱ्यावरून होडीने डबा पाठवते आणि तो रिकाम्या डब्यात तिच्यासाठी एक शंख घालून परत पाठवतो. बस, एवढंच. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात वैजयंतीला म्हटलं होतं, हा एक पिक्चर तुला दाखवीन, मग मी कसा माणूस आहे ते कळेल तुला. नऊ वर्षांत तो कुठेच लागला नाही. मला तोंडाने नीट बोलता येत नाही. म्हणजे बोलतो पुष्कळ, पण जे बोलायचं असतं ते राहून जातं. ते सगळं त्या पिक्चरमध्ये आहे.

रागलोभ गेला चुलीत. तिने तो पाहिला पाहिजे.

१४ फेब्रुवारी
विचारलं. म्हटलं, रविवारी चेंबूरला जाऊ, फार छान पिक्चर आहे. छान म्हणालो ती चूक झाली. ती म्हणाली, पापड करायचे आहेत. मी म्हटलं, मदत करतो, लवकर आटपेल. ती म्हणाली, तुम्ही मदत केली की डोकं दुखतं.

१६ फेब्रुवारी
पुन्हा विचारलं. पापड. फेब्रुवारीभर पापड असावेत.

१९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
रात्रभर डोळा नाही. उपाय एकच आहे. डावपेच म्हणून करायचं, मनाला लावून घ्यायचं नाही.

सकाळी ११
केलं. फळ्यावर लिहिलं: शंभरपैकी चार. नापास. इतके कमी मार्क आजवर कुणाला दिले नव्हते. कारणंही लिहिली, नाहीतर संशय आला असता. संथ. रटाळ. हिरो मुका आहे की काय कळत नाही. डबा येतो, डबा जातो. माणूस थिएटरात म्हातारा होतो. खडू तीनदा मोडला. हे सगळं इतकं झरझर सुचलं याचं मात्र नवल वाटलं.

दहा वाजता मालतीबाई आल्या. चार पाहून त्यांनी गालावर हात ठेवला. लगेच वर गेल्या. अर्ध्या तासाने वैजयंती सहज म्हणाली की बुधवारी भजन आहे.

जमलं. मी हुशार आहे, पण हे कुणाला सांगायची सोय नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार
कॅज्युअल लीव्ह टाकली. ऑफिसचा डबा घेऊन रोजच्या वेळेला निघालो आणि सरळ चेंबूर गाठलं. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो. आपल्या बिल्डिंगच्या नऊ जणी आल्या, दहावी बायजाबाई, पाटी मांडीवर. वैजयंती मधोमध. तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा. माझ्याबरोबर पिक्चरला येताना तिने गजरा कधी माळला होता ते आठवेना.

पडद्यावर दीपगृहाचा दिवा लागला. अकरापैकी पहिलं वाक्य आलं आणि मला हुंदका आवरेना. रुमाल तोंडात धरला. पहिल्यांदाच अख्खा पिक्चर कुणाशी एक शब्द न बोलता पाहिला. शंख डब्यात पडतो तिथे वैजयंतीकडे पाहिलं. तिने डोकं मालतीबाईंच्या खांद्यावर टेकवलं होतं. हळवी झाली असणार. मला वाटलं, पोचलं. नऊ वर्षांनी का होईना, पोचलं.

दिवे लागायच्या आत बाहेर पडलो. आनंद इतका की चुकीच्या बसमध्ये बसलो. देवनारला उतरलो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार
आज रात्री जेवायला वाढताना वैजयंती म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं आहे, रागावू नका. सगळं कबूल केलं. बुधवारचं, नापासचं, सगळं. मी पोळी हातात धरून बसलो. म्हटलं, आता शंखाचं बोलेल.

म्हणाली, कालचा पिक्चर मात्र तुम्ही लिहिला होता अगदी तसाच. शब्दन् शब्द. डबा येतो, डबा जातो. दहा मिनिटांत मला झोप लागली, मालतीबाईंचा खांदा अजून दुखतो आहे. बायजाबाई तर अशी घोरत होती की मागच्या रांगेतला कुणीतरी तिच्यावर हसला. तोंडात रुमाल कोंबून हसत होता म्हणे. आम्ही सगळ्या जिन्यात म्हणालो, या माणसाला खरंच कळतं, आपणच इतके दिवस उलटं धरलं.

आणि मग, आमटी वाढता वाढता, खाली बघत म्हणाली की येत्या शनिवारी मी तुमच्याबरोबर येईन. तुम्ही म्हणाल त्या पिक्चरला. गजरा आणाल का येताना?

माझ्या मताला नऊ वर्षांत पहिल्यांदा ती हो म्हणाली. सांगायला तोंड उघडलं. सगळं सांगणार होतो, तंबू, सात वेळा, शंख, खांबाआडचा मी. ती माझ्याकडे बघत होती, अशी की हा माणूस बरा आहे.

मी म्हटलं, मी लिहिलंच होतं.

रात्री ९
फळा पुसायला खाली गेलो होतो. पुसला नाही. पिक्चर तसा संथच आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, वयच तसं असतं. चारसुद्धा जरा जास्तच दिले.