दाजींच्या अंगावरचा शर्ट

४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आश्रयाच्या अर्जाची मुलाखत झाली. साहेब सभ्य आहेत, आधी पाणी विचारतात. परत पाठवलं तर तुला मारतील हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, संपाची पत्रकं छापली म्हणून मालकाची माणसं दार फोडून घरात शिरली, माझा हात मोडला. पोलिसांत का गेला नाहीस, म्हणाले. दार फोडणाऱ्यांत एक पोलीसच होता, म्हटलं. मग पुरावा मागितला. शिवाय मी फार शांतपणे सांगतो म्हणे, घाबरलेला माणूस असा बोलत नाही. तू मला उगीच घुम्या म्हणत नाहीस.

फुटक्या दाराचा फोटो आणि तो रक्ताचा शर्ट पाठव. नाहीतर इथून परत धाडतील. आईला नमस्कार. माया असू दे.

तुझा
घुम्या

१९ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

कुठलं दार आणि कुठला शर्ट, बाबा? तू गेलास त्याच आठवड्यात सुताराकडून नवी फळी बसवून घेतली, वर रंग दिला. येणारे-जाणारे थांबून बघायचे, आईला ते सोसेना. शर्ट मी घासून घासून धुतला, बाही शिवली. इतका स्वच्छ निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं. आता तो तुझे दाजी घालतात आणि मेहुण्यापेक्षा मलाच शोभतो म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर तू जिन्यावरून पडलास असं आहे, कारण भीतीपोटी आपणच तसं सांगितलं होतं. सुताराला दाराबद्दल लिहून द्यायला सांगितलं, तर म्हणाला, मलाही घर आहे.

जेवणाची हयगय करू नकोस. आम्हाला विसरू नकोस.

तुझी
ताई

७ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काहीच नाही म्हणून तुझी पत्रं दाखवली. दुभाष्याने वाचली. प्रत्येकावर आरंभीच इकडील सर्व क्षेम. साहेबांनी त्याखाली रेघ मारली आणि तुझ्या घरच्यांना तर भीती दिसत नाही, म्हणाले. ती लिहायची रीत आहे, हे मला त्यांना पटवता आलं नाही. शेवटची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

मला राग आला, ताई. तुझ्या नीटनेटकेपणाचाही आला. दाजींना म्हणावं, शर्ट तुम्हालाच लखलाभ. रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझा
घुम्या

२३ एप्रिल

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पुढची ओळ या वेळी लिहिलेली नाही, ते साहेबांना दाखव.

गेल्या सोमवारी दाजी दुकानातून परत येत होते. अंगात तुझा शर्ट होता. पाठमोरे पाहून तूच परत आलास असं त्या लोकांना वाटलं. दाजी पळत घरात आले, कडी लावली. त्या लोकांनी दार फोडलं. आम्ही ओरडून सांगत होतो की हा तो नव्हे. ते तुझ्या नावाने शिव्या देत मारत होते, शेजारणीने ऐकलं. ती लिहून द्यायला तयार आहे. दाजी दवाखान्यात पोचण्याआधीच गेले.

शर्ट सोबत पाठवते आहे. धुतलेला नाही. दाराचा फोटोही आहे. सुतार आपणहून आला होता, मी त्याला परत पाठवलं. तू मागितलेलं सगळं आता तुझ्याकडे आहे. कुणीतरी सुखरूप राहा.

आणि यापुढे पत्रावर मला सौ. लिहू नकोस.

तुझी
ताई